शाळा बुडाली तरी अभ्यास बुडू नये : पाचवी ते आठवीच्या वर्गात ‘सोबत-वही’ कशी चालवावी

कोकणात जुलैत वाशिष्ठी, जगबुडी, अर्जुना या नद्या फुगल्या की साकव (छोटा पूल) पाण्याखाली जातो, एसटी अलीकडूनच परत फिरते आणि पलीकडच्या वाडीतल्या मुलांची दोन-तीन दिवस शाळा बुडते. काहींची भातलावणीपायी बुडते. परत आलेले मूल मागच्या बाकावर गप्प बसते, कारण मधला धडा त्याला ठाऊक नसतो आणि विचारायची लाज वाटते. ‘एकमेकांना मदत करा’ हे परिपाठात रोज सांगितले तरी यात फरक पडत नाही. मुलांच्या हातात नेमके काम द्यावे लागते. ते काम म्हणजे ‘सोबत-वही’: गटाने वर्गात रोज काय झाले ते लिहून ठेवायची एक वही.

गट पाडणे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात तिघातिघांचे गट करा. दोघांची जोडी नको. एक तापाने पडला की दुसरा एकटा राहतो. एकाच वाडीतली तिघे घेऊ नका. वहाळाला (ओढ्याला) पाणी आले तर तिघेही घरीच अडकतील. गटात निदान एक जण शाळेजवळचा हवा. ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ अशी ठरवून बांधलेली गाठ तर टाळाच. त्यात एक कायम देणारा होतो, दुसरा कायम घेणारा, आणि दोघांनाही ते कळते. गणपतीच्या सुट्टीनंतर गट बदला.

वही. गणपतीपर्यंत गटामागे शंभर पानी एक वही पुरते. शेवटच्या तासाची शेवटची आठ मिनिटे तिच्यासाठी राखा. लिहिण्याची पाळी रोज बदलते. एका दिवसाला एकच पान: प्रत्येक विषयात काय झाले ते दोन ओळींत, गणिताचे एक उदाहरण सगळ्या पायऱ्यांसह, आणि स्वतःला न कळलेला एक प्रश्न. फळ्यावरचे सगळे उतरवू देऊ नका; आठ मिनिटांत ते होत नाही, आणि नुसते उतरवताना डोके चालत नाही. लिहायला साधे बॉलपेन घ्या, जेलची शाई दमट हवेत पसरते. वही धुतलेल्या दुधाच्या पिशवीत ठेवून वर्गातल्या कपाटातच राहू द्या. घरी नेली की ती नेणाऱ्याबरोबरच अडकते.

पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर बाबांबरोबर बाहेर असतो.

परत आल्यावरची दहा मिनिटे. खरे काम इथे आहे, आणि बिघडतेही इथेच. मूल येते, ‘दे वही, उतरवून घेतो’ म्हणते, पाने भरतात, सगळ्यांचे समाधान होते. आठवड्याने विचारले तर काहीच आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते. मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सोबती, म्हणजे गटातला त्या दिवशी हजर असलेला जोडीदार, वही मिटून, आठवेल तसे सांगतो. अडखळला तरी चालेल. आपले काय कच्चे आहे ते त्यालाही तिथेच कळते. मग आलेले मूल तेच आपल्या शब्दांत परत सांगते. नंतर एक उदाहरण करून बघायचे आणि वही सर्वांत शेवटी उघडायची.

सहावीतली पूर्णांकांची बेरीज घ्या: (-7) + (+3). कुणी -10 लिहितो, कुणी 4. सोबत्याने लगेच ‘-4’ सांगून टाकायचे नाही. ‘संख्यारेषेवर तू आत्ता कुठे उभा आहेस? आता कुठल्या बाजूला जाशील?’ एवढेच विचारायचे. उत्तर सांगून मोकळे होणे सोपे असते. थांबून वाट पाहणे मुलांना शिकवावे लागते.

तेच दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने दोन-दोन मिनिटे विचारा. एकदा पाठ केलेले झपाट्याने पुसले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 सालीच मांडले होते.

बोलणे. ‘काल का नाही आलास?’ हा प्रश्न वर्गासमोर कुणीच विचारायचा नाही, बाईंनी किंवा सरांनीही नाही. कारण हवेच असेल तर बाजूला घेऊन विचारा. सोबत्याचे पहिले वाक्य ‘कालचं गणित राहिलंय, बसूया?’ असे असू द्या. कुणी चिडवले तर तिथल्या तिथे एका वाक्यात थांबवा आणि बाकीचे मधल्या सुट्टीत एकट्याशी बोला. भर वर्गात लांबलचक कानउघाडणी केली तर चिडवणे फक्त शाळेबाहेर जाते.

मदतीला तारे, बिल्ले, भिंतीवरचा तक्ता देऊ नका. तारा मिळू लागला की मदत बाईंच्या नजरेसमोर होते, आणि गुपचूप मदत करणारी मुलगी तक्त्यावर दिसतच नाही. कौतुक करायचे तर नेमके करा: ‘उत्तर न सांगता तू तिला पुढची पायरी विचारलीस.’

घरी. तिन्हीसांजेला लाईट गेली तरी हे होते. मुलाने आज शिकलेले आजीला पुस्तकाशिवाय सांगायचे. आजीला वाचता येत नसले तरी ‘म्हणजे काय रे?’ एवढे विचारता येते. शेजारच्या मुलाशी तुलना मात्र नको.

तपासणी. शनिवारी सकाळच्या शाळेत गटाला तोंडी पाच प्रश्न विचारा. उत्तर कोण देणार ते चिठ्ठी काढून ठरवा, म्हणजे तिघेही तयार राहतात. गुण देऊ नका. तिघेही गैरहजर असतील त्या दिवशी वहीत पान कोरे सोडा आणि शेजारच्या गटाला ते भरायला सांगा.