बिनसांगाड्याच्या खोगिराखाली काय घालायचं

फालतू भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो, पण ट्रीलेस खोगीर वापरायचं तर घोड्याची पाठ ती भरतीच वाचवते. साध्या खोगिरात लाकडाचा किंवा फायबरचा सांगाडा असतो. तो स्वाराचं वजन पसरवतो, कण्यावर मोकळा बोगदा ठेवतो. ट्रीलेसमध्ये सांगाडाच नाही. सगळा भार तुमच्या बुडाखाली आणि रिकिबीचे पट्टे अडकवतात त्या जागी. बोगदा करायचा तो पॅडनेच.

हे कळायच्या आधी मी रंगीच्या (माझी मारवाडी घोडी, नागपूरजवळ काटोल रोडला शेतावर असते) पाठीवर सतरंजीची घडी आणि वर सोफ्याचा जाड फोम टाकला होता. तिसऱ्या दिवशी रिकिबीत पाय घालून चढले, तर खोगीर फिरून थेट पोटाखाली आणि मी धुरळ्यात. रंगी बिचारी उभीच राहिली.

आता कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, मध्ये चार बोटं मोकळी. इतवारीत एका गादीवाल्याकडून दोन खिशांची गवसणी शिवून घेतली. "मॅडम, मधातही भरून देतो ना, नरम होईन!" नको रे बाप्पा, मधलं रिकामंच पाहिजे. खिशात बंद छिद्रांचा चिवट फोम, घोड्याच्या अंगाला नमदा (दाबून केलेलं जाड लोकरी कापड), मिळून साधारण दोन सेंटिमीटर. फोम घेताना अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा खालच्या टेबलाला टेकल्यासारखा वाटला तर तो फोम पॅडला नको, उशीत भरा. गोल, रुंद पाठीच्या घोड्याला जाडी कमीच ठेवा, नाहीतर खोगीर गडगडतं. खांद्याचा उंचवटा वर आलेला असेल तर पुढे जास्त उंची लागते.

पॅड जरा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. तंग (पोटाखालून जाणारा पट्टा) कसण्याआधी पॅडचा पुढचा भाग खोगिराच्या कमानीत वर ओढून घ्या. चढायला ओटा वापरा. कोणाला तरी वर बसवून कण्यावरून बोटं घाला, अडकता कामा नयेत.

खरी परीक्षा खोगीर उतरवल्यावर. पाठ घामाने सारखी ओली आणि कण्यावर कोरडी रेघ असेल तर छान. पण ओल्या भागात रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाबामुळे घामच फुटलेला नाही. रंगीला असा ठिपका रिकिबीच्या पट्ट्याखाली यायचा. दुर्लक्ष केलं की आधी सूज, मग पांढरे केस, आणि ते सहसा पुन्हा काळे होत नाहीत. मी तिथे नमद्याचा आणखी एक थर दिला, दोन्हीकडे सारखा.

मे महिन्यात पहाटे पाचलाच निघते, तरी परतेपर्यंत नमदा मिठाने कडक. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते. दोन-तीन महिन्यांनी फोम काढून बघते. डावा नेहमी आधी बसतो, कारण मी डावीकडे कलून बसते. बदलायचा तर दोन्ही, एकच बदलला की खोगीर तिरकं.