सामायिक नोंदी सुरक्षित करताना आलेला माझा अनुभव

आमच्या संस्थेतील कार्यकर्त्या कुपोषित बालकांची वजने व दंडघेर गूगल शीट्समध्ये (अनेकांना एकत्र भरता येणाऱ्या ऑनलाइन तक्त्यात) एकाच लॉगिनने भरत असत. एकदा केवळ नावांचा स्तंभ अकारविल्हे लावला गेला आणि एका बाळाचे वजन दुसऱ्याच्या नावासमोर गेले; ही चूक उपचारापर्यंत पोहोचली असती, या विचाराने मी अस्वस्थ झाले. ‘व्हर्जन हिस्ट्री’तून, म्हणजे तक्त्याच्या जुन्या प्रती जपणाऱ्या सोयीतून, आदल्या दिवसाची प्रत परत आणली, परंतु लॉगिन सामायिक असल्याने बदल कोणी केला हे कळेना.

त्यानंतर प्रत्येकीला स्वतंत्र खाते दिले, मागील महिन्यांचे स्तंभ संरक्षित केले आणि काल्पनिक नावांच्या सरावप्रतीत ‘फिल्टर व्ह्यू’ (तक्ता स्वतःपुरता वेगळ्या क्रमाने पाहण्याची सोय) शिकवला, कारण त्यात केलेली क्रमवारी इतरांच्या मांडणीला धक्का लावत नाही. सरावप्रत मुद्दाम बिघडवून ती स्वतः पूर्ववत केल्यावर ताईंची भीती खऱ्या अर्थाने गेली.