मराठीकरणात येणाऱ्या नव्या मित्रमैत्रिणींसाठी

साताऱ्यातली बीसीए, बीएस्सीची मुलं, आणि अलीकडे मराठी घेऊन एमए करणाऱ्या मुलीही विचारतात, "सर, ओपन सोर्स सॉफ्टवेअर मराठीत आणायचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा प्रोग्रॅम कोणालाही बघता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. त्यांना एखाद्या वेबसाइटचं नाव हवं असतं. ते मी सांगतोच, पण आधी विचारतो, कोणासाठी करणार? तुमच्या घरातलं, आळीतलं, गावातलं एक माणूस सांगा, ज्याचं काम पडद्यावरच्या इंग्रजीपाशी अडतंय. असं माणूस डोळ्यांसमोर नसेल तर हे काम फार लवकर कंटाळवाणं होतं.

मला असं माणूस खटाव तालुक्यात भेटलं. एका बचत गटाच्या सचिव ताई. गटाचा सगळा हिशोब त्यांच्या हातात, वहीत एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. मुलीचा जुना लॅपटॉप घरी आल्यावर त्यांनी हिशोब संगणकावर घ्यायचं ठरवलं. मेन्यू इंग्रजीत होते, तरी त्या अडल्या नाहीत. वरून तिसरं, त्यातलं पाचवं, असं त्यांनी जागेवरून पाठ केलं. अडलं ते फाइल बंद करताना. मध्येच एक चौकट उघडायची, त्यात दोन ओळी इंग्रजी आणि खाली तीन बटणं. त्यातलं एक बटण केलेलं सगळं काम पुसून टाकणारं. ताई दर वेळी मुलीला फोन लावायच्या, आणि मुलगी कामावर असली की लॅपटॉप तसाच उघडा ठेवून रानात जायच्या.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे: मराठीकरण करताना आधी इशारे, चुका आणि प्रश्न मराठीत आणावेत, मेन्यू नंतर. मेन्यू माणूस सवयीने शिकतो. इशारा अचानक येतो, नुकसानीची भीती घेऊन येतो, आणि नेमका तेव्हाच तो वाचता यावा लागतो. डिजिटल दरी म्हणतात ती मला या चौकटीत सर्वांत स्पष्ट दिसते. यंत्र घरात आहे, इंटरनेट आहे, हिशोबाची बुद्धी तर आहेच आहे. फक्त यंत्र काय विचारतंय ते कळत नाही.

प्रत्यक्षात मात्र उलटं होतं. नवा माणूस येतो, 'उघडा', 'जतन करा', 'रद्द करा' अशा एकेका शब्दाच्या ओळी भराभर भरतो, कारण त्यातून पूर्ण झाल्याची टक्केवारी पटकन वर चढते. लांब वाक्यं मागे राहतात. मग सॉफ्टवेअर निम्म्याहून जास्त मराठी दिसतं, आणि जिथे माणूस घाबरतो तिथेच इंग्रजी उरतं. तुम्ही या टक्क्यांच्या नादी लागू नका. भाषांतराच्या बहुतेक साधनांमध्ये शोधायची सोय असते. चूक, हटवणे, गमावणे, खात्री या अर्थांचे इंग्रजी शब्द टाकून त्या ओळी वेगळ्या काढा आणि आधी त्या हातात घ्या.

आता थोडं यंत्राच्या आतलं. बहुतेक ओपन सोर्स प्रकल्पांत पडद्यावरची वाक्यं प्रोग्रॅमपासून वेगळी काढून ठेवलेली असतात. जीएनयू गेटटेक्स्ट या पद्धतीत त्यांची पीओ फाइल बनते: वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली तुमच्या भाषेसाठी रिकामी जागा. परवाना खुला असल्यामुळे ही फाइल कोणीही मागू शकतो, भरू शकतो, परत पाठवू शकतो. एखाद्या कंपनीला मराठीची बाजारपेठ किफायतशीर वाटते का, याची वाट बघत बसावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली होती. एवढ्या लोकांच्या भाषेने कोणाच्या मर्जीवर थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

खरी कसोटी वाक्यातल्या खुणांपाशी लागते. टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे एखादं अक्षर किंवा आकडा, असा तुकडा वाक्यात असतो. प्रोग्रॅम चालताना तिथे फाइलचं नाव, संख्या, गावाचं नाव असं काहीतरी येऊन बसतं. हा तुकडा जसाच्या तसा ठेवायचा. त्यातला आकडा देवनागरी केला तरी खूण मोडते, आणि खूण गळाली तर प्रोग्रॅम बंदही पडू शकतो. पीओ फाइल भरायची पीओएडिट किंवा केडीईचं लोकलाइझ ही साधनं वापरलीत तर असे दोष तिथल्या तिथे दिसतात.

खूण सांभाळली तरी मराठी व्याकरण पुढे उभंच असतं. इंग्रजीत 'अमुक हटवलं' हे एकच वाक्य सगळ्याला चालतं. आपल्याकडे फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं. खुणेच्या जागी काय येणार ते तुम्हाला माहीत नाही, म्हणजे लिंगही माहीत नाही. अशा वेळी वाक्याची मांडणी बदलायची: 'हटवण्याचं काम पूर्ण:' असं लिहून पुढे खूण ठेवायची. विभक्तीचंही तसंच. खुणेला 'मध्ये' चिकटवलं की 'सातारामध्ये', 'कोरेगावमध्ये', 'वाईमध्ये' असं काहीही पडद्यावर येतं. त्यातलं कोरेगाव कसंबसं चालतं, पण साताऱ्याचं सामान्यरूप प्रोग्रॅमला करता येत नाही. म्हणून 'ठिकाण:' असं लिहून नाव त्यापुढे मोकळं सोडायचं, किंवा नावानंतर 'या ठिकाणी' म्हणायचं. त्यात नावाला धक्का लागत नाही. दोन खुणा असतील आणि मराठीत त्यांचा क्रम उलटा लागत असेल, तर खुणांना क्रमांक देऊन जागा बदलता येतात. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ही गरज वारंवार पडते. अनेकवचनासाठी गेटटेक्स्ट दोन रकाने देतं, एकासाठी आणि बाकी सगळ्यांसाठी. दोन्ही भरा आणि क्रियापदही बदला: १ फाइल निवडली, ५ फाइली निवडल्या.

या गोष्टी ज्याला पटकन उमगतात तो बहुधा संगणकाचा विद्यार्थी नसतो, भाषेचा असतो. म्हणून मी मुलांना जोडीने बसायला सांगतो, एक बीसीएचा आणि एक एमए मराठीची. अशा जोडीचं काम तपासताना मला फार कमी दुरुस्त्या कराव्या लागतात.

शब्दांचं कोडं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. हिशोबाचं ग्नूकॅश हातात घेतलंत तर त्यातले निम्मे शब्द मार्केट यार्डातल्या कुठल्याही जुन्या अडत्याकडे मिळतील: किर्द, खतावणी, नावे, जमा, शिल्लक, ताळेबंद. त्यांच्यासाठी नवे संस्कृत शब्द घडवण्याची गरज नाही. जिथे लोकांचा शब्दच नाही, तिथे भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. मराठी विश्वकोश तर आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिला. १९७६ साली त्याचा पहिला खंड आला आणि आज तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. विज्ञानाची नोंद मराठीत कशी लिहावी याचा एवढा मोठा नमुना घराजवळ असताना तो न उघडणं बरं नाही. मात्र फाइल, फोल्डर, पासवर्ड, प्रिंट हे शब्द गावोगाव रुळलेत. ते तसेच राहू द्या. क्रियापदं आदरार्थी ठेवा, 'करा', 'निवडा'. वाक्यागणिक 'कृपया' लावू नका, बटणं उगाच लांबतात.

टंकलेखनाची परीक्षा, मराठी ३० किंवा ४० (मिनिटाला इतके शब्द), दिलेली मुलं वेगाने टाइप करतात. पण अनेकांचा हात जुन्या फॉन्टवर बसलेला असतो. त्या फॉन्टमध्ये अक्षर देवनागरी दिसलं तरी आत साठतं ते दुसरंच. आपल्याला युनिकोडच लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका, थोडे दिवस हात अवघडतो, मग बसतो. कीबोर्ड नीट बसवला आहे का ते तपासायला 'साताऱ्यात' लिहून बघा. अर्ध्या ऱ्याऐवजी य वर रफार चढला तर ऱ चुकीचा पडतोय. पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर फॉन्टमध्ये मराठीची वेगळी सोय आहे का आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे का, ते बघा. काम झाल्यावर सॉफ्टवेअर मराठीत चालवून, स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवरसुद्धा उघडून बघाच. मात्रा, रफार वरून कापले जाणं आणि बटणात वाक्य न मावणं हे दोष फाइलमध्ये कधीच दिसत नाहीत.

आता वेबसाइटची नावं. अगदी नवख्याने ट्रान्सलेटविकीपासून सुरुवात करावी. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचे संदेश तिथे भाषांतरित होतात आणि पुष्कळ संदेशांसोबत तो कुठे दिसतो याची टीप असते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, त्यामुळे केलेलं काम लगेच वापरात आलेलं दिसतं. फायरफॉक्स ब्राउझरसाठी मोझिलाची पाँटून ही साइट, लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी त्यांचं वेबलेट, वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेससाठी त्यांची स्वतःची साइट. यातल्या बहुतेक ठिकाणी तुम्ही सुचवता आणि अधिकार असलेली व्यक्ती तपासून मंजूर करते. वेबलेटवरून फाइल उतरवून घेऊन वीज नसताना, नेट नसताना घरी काम करता येतं. एक वेळापत्रक मात्र लक्षात ठेवा: नवी आवृत्ती निघण्याआधी काही आठवडे मूळ इंग्रजी वाक्यं गोठवली जातात, म्हणजे त्यांत बदल थांबतो. तोच आपला हंगाम. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपच्या आवृत्त्या मार्च-सप्टेंबरमध्ये येतात, लिबरऑफिसच्या साधारण फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये. हंगाम चुकला तर केलेलं काम लोकांपर्यंत पोचायला बरेचदा पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं.

यंत्राकडून भाषांतर करून घेऊ का, हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारचं भाषिणी हे भाषांतराचं साधन आलं, इतरही साधनं आहेत, आणि लांब परिच्छेदाचा कच्चा मसुदा ती बरा देतात. पण एका शब्दाचं बटण म्हणजे आज्ञा की स्थिती, हे पडदा बघितल्याशिवाय माणसालाही कळत नाही. यंत्राचा मसुदा न वाचता मंजुरीला पाठवू नका. तपासणारा स्वयंसेवक असतो, त्याची संध्याकाळ त्यात जाते.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. हे काम बहुतांशी विनामोबदला आहे. पण तुमची प्रत्येक ओळ तुमच्या नावासह सार्वजनिक राहते आणि मुलाखतीत ती उघडून दाखवता येते. पुण्यातल्या भाषांतर कंपन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे भाषाविभाग अशा माणसांना काम देतात, घरून करायचं कंत्राटी कामही मिळतं. सोबत फाइलींतले बदल नोंदवणारं गिट शिका, ओमेगाटीसारखं भाषांतर-स्मृतीचं (जुनी भाषांतरं लक्षात ठेवून सुचवणारं) साधन वापरा, आणि दोषाची तक्रार नीट इंग्रजीत लिहायला शिका. मूळ प्रोग्रॅमरला मराठी व्याकरण समजावून सांगता येणं हे फार कमी जणांकडे असतं.

शेवटची गोष्ट शिष्टाचाराची. पुष्कळ प्रकल्पांत मराठीचा संघ कागदावर आहे, पण समन्वयकाकडून बऱ्याच काळात हालचाल नाही. यातलं बरंच जुनं काम रेड हॅट या ओपन सोर्स कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या आणि हौशी मंडळींनी पायापासून केलेलं आहे. थेट अधिकार मागू नका. आधी त्या समन्वयकाला पत्र लिहा, काय करायचंय ते सांगा, दोन-तीन आठवडे थांबा. उत्तर आलं नाही तर त्या पत्राचा दाखला देऊन प्रकल्पाच्या भाषांतर विभागाकडे जबाबदारी मागा, बहुधा मिळते. पीओ फाइलच्या डोक्यावर आधी काम केलेल्यांची नावं असतात. ती राहू द्या आणि त्यांच्या खाली तुमचं नाव आणि वर्ष लिहा.