मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात धमन्या कशा जपाव्यात

मूत्रपिंडे मंदावली की रक्तात फॉस्फेट साचू लागते आणि धमन्यांच्या भिंतींतील स्नायुपेशी हाडांच्या पेशींसारख्या वागून तेथे कॅल्शियम बसवू लागतात. त्यामुळे पन्नाशीतल्या रुग्णाच्या धमन्याही सत्तरीतल्या माणसाइतक्या ताठ झालेल्या आढळू शकतात. काळजीची सुरुवात रक्तदाबाच्या वहीपासून करावी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, आणि डायलिसिससाठी फिस्चुला (शस्त्रक्रियेने धमनी व शीर यांची केलेली जोडणी) केलेल्या हातावर पट्टा कधीही बांधू नये. वरच्या आकड्यातून खालचा वजा करावा: 160/80 असेल तर फरक 80 येतो. धमन्या ताठ झाल्या की हा फरक वाढतो; तो वारंवार 60 च्या वर राहिला, तर वही डॉक्टरांना दाखवावी.

आपल्या गोव्यात खरी अडचण मिठाची आहे. दिवसाचे एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर असावे. पावसाळ्यातली सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, मिठातली तोरे (कैऱ्या) किंवा चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) ही मर्यादा सहज मोडतात, हे घरोघरी जाऊन सांगावेसे वाटते. कमी सोडियमचे मीठ मात्र स्वतःहून आणू नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि ते अशा रुग्णांच्या हृदयाला घातक ठरू शकते. कोला व डबाबंद मांसात मिसळलेले फॉस्फेट डाळींतल्या फॉस्फेटपेक्षा अधिक शोषले जाते, म्हणून ते टाळावे. फॉस्फेट बांधणारी गोळी दिली असल्यास ती जेवणासोबतच घ्यावी. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, तंबाखू पूर्ण सोडावी.