पावसाळ्यात कान कोरडे कसे ठेवावेत, नाक-घसा कसा सांभाळावा

जूनच्या मध्यावर मुंबईत पाऊस लागतो आणि दसऱ्यापर्यंत घरात काही धड वाळत नाही. दोरीवरचे कपडे दमट, तसाच कानही दमट. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आतल्या टोकाला पडद्याने बंद. ऊब, अंधार आणि ओल मिळाली की बुरशी धरणारच. म्हणून पावसाळ्यात मी घरच्यांच्या मागे लागते ती आधी कानासाठी.

भिजून आलात की डोकं पुसा, मग मान एका बाजूला कलवून कानाची पाळी हळूच वर आणि मागे ओढा. पाणी आपसूक बाहेर येतं. पंचाचं टोक बोटाला गुंडाळून बाहेरचा भाग टिपा, खोल जाऊ नका. तरी ओल जाणवली तर केसांचा ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून अर्धा मिनिट धरा. आणि लोकलमध्ये भिजलेल्या कानात इअरफोन खुपसू नका, ओल आत कोंडते.

कानात काहीही घालायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. इअरबड नाही, हेअरपिन नाही. मळ ही घाण नव्हे. तो चिकट आणि आम्लधर्मी असतो, पाणी अडवतो, बुरशीला वाढू देत नाही. तो खरवडला की नाजूक त्वचा सोलते. लसूण तळलेलं कोमट तेलही नको. माझ्या आजीने मायेनंच घातलं होतं. आधी खाज, मग दडा, चौथ्या दिवशी ठणका. डॉक्टरांनी सक्शनने कान साफ करून जे निघालं ते कापसावर दाखवलं: भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं राखाडी, वर मिरपुडीसारखे काळे ठिपके. ते ठिपके अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीचे.

खाज आणि दडा असेल तर मेडिकलमधून मनाने ड्रॉप्स आणू नका. अँटिबायोटिकचे थेंब बुरशीवर चालत नाहीत, उलट ती फोफावते. पडद्याला भोक असेल तर काही थेंबांनी ऐकूही कमी येऊ शकतं. आधी कान साफ व्हायला हवा, मग बुरशीचं औषध, आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. तोवर अंघोळीपुरता व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, नंतर काढून टाका.

मधुमेह असलेल्या माणसाचा कान रात्री झोपू देत नसेल तर त्याच दिवशी दाखवा, संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. केईएम, नायर, सायन इथे कान-नाक-घशाची ओपीडी असते, फोर्टला तर पालिकेचं त्यासाठी वेगळं रुग्णालयच आहे.

नाकाचं म्हणाल तर ओल आलेली भिंत आधी बघा. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. सकाळच्या शिंकांचं मूळ बऱ्याचदा त्यामागच्या बुरशीत असतं. नाक एका वेळी एकाच बाजूने, हलकेच शिंकरा, जोर केला तर शेंबूड नाकामागून कानाच्या आतल्या भागाकडे जाणाऱ्या नळीत चढतो. बंद नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका फार मोठा.

घसा खवखवला तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, ती अँटिबायोटिकने जात नाही. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मात्र तज्ज्ञाकडून घसा तपासून घ्या. कानामागे सूज आली किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर ओपीडीची वेळ न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या.