मनगटातले मोती, पोवळी, रुद्राक्ष आणि चंदन: निवड आणि निगा कशी करावी

आजीच्या मोत्यांचे दोन वाटे झाले. अर्धे आईकडे आले, अर्धे मावशीकडे गेले, आणि दोघींनीही त्यांची ब्रेसलेटं ओवून घेतली. मावशीने तिचं रोज घातलं. आईने तिचं कापसात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. वीसेक वर्षांनी माझ्या लग्नात दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा मावशीचे मोती पाणीदार होते आणि आईचे खडूसारखे निस्तेज. एकावर केसाएवढी भेग गेलेली. आईला फार वाईट वाटलं, कारण जपणूक तिचीच जास्त होती.

मोती, पोवळं, रुद्राक्ष, चंदन हे दगड नाहीत, हे तेव्हा कळलं. मोती शिंपल्यातल्या जीवाने थरावर थर देत घडवलेला, पोवळं म्हणजे समुद्रात वाढलेल्या प्रवाळाचा सांगाडा, रुद्राक्ष ही फळातली आठळी आणि चंदन झाडाचा गाभा. म्हणून ते मनगटावर ऊबदार वाटतात, दोन मणी कधी हुबेहूब सारखे नसतात आणि अंगावर वापरून त्यांना एक वेगळी झाक येते. पण म्हणूनच त्यांना सगळं बाधतं: घाम, अत्तर, साबण, कोरडी हवा. सोन्याच्या पाटलीचे नियम इथे चालत नाहीत.

१. आपल्या हातात नेमकं काय आहे ते आधी ओळखा

मोत्यापासून सुरुवात करू. मोती समोरच्या दातांच्या कडेवर अगदी हलकेच घासून बघा. खरा मोती बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत सरकतो. मग भिंग घेऊन छिद्राची कड पाहा. नकली मोत्याचं वरचं आवरण तिथे पापुद्र्यासारखं सुटलेलं दिसतं.

खरा म्हणजे नैसर्गिकच असं मात्र नाही. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवण्यात यश मिळवलं आणि आज दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे मोती असेच वाढवलेले, म्हणजे कल्चर्ड असतात. त्यात कमीपणा काही नाही, त्यांची निगाही तीच. घरात ‘बसरा’ म्हणून आलेले जुने मोती बहुतेक वेळा इराणच्या आखातातले. बहरीन-कुवेतच्या बाजूला समुद्रात बुड्या मारणाऱ्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत, इथे निवडले जात, विंधले जात आणि पुढे जगभर जात. मोती वजनावर विकला जायचा, म्हणून वजन वाचवायला छिद्र अगदी बारीक पाडत. आजीच्या मोत्यांत हल्लीची सुई शिरत नाही ती यामुळे. दोरा ओवणाऱ्याने छिद्र मोठं करू का, असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

पोवळ्यात रंगवलेला माल फार. लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. त्याची फांदी वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही, त्यामुळे मोठा, एकसारख्या गडद लाल रंगाचा मणी स्वस्तात मिळत असेल तर थांबा. दुकानदारासमोरच, छिद्राजवळ, नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस हलकेच टेकवून बघायची परवानगी मागा आणि लगेच पुसून घ्या. कापूस लाल झाला तर तो रंग आहे. ही परीक्षा विकत घेण्याआधीची, घरातल्या खऱ्या पोवळ्यावर हा प्रयोग करू नका.

रुद्राक्षाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पाण्यात बुडला तर खरा, तरंगला तर खोटा, हे खरं नाही. मणी किती जुना, किती वाळलेला आहे यावर ते ठरतं. पाण्यात उकळून पाहायला सांगतात, त्याने चांगला मणीही तडकू शकतो. हे झाड नेपाळच्या डोंगरउतारांवर आणि इंडोनेशियात वाढतं. नेपाळी मणी मोठे, इंडोनेशियातले लहान आणि म्हणून ब्रेसलेटला सोयीचे. फळ पिकलं की गडद निळं होतं आणि गंमत म्हणजे तो निळा कुठल्या रंगद्रव्याचा नसतो, सालीच्या सूक्ष्म रचनेमुळे तसा दिसतो. आत आठळी, तिच्यावर देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या रेषा, म्हणजेच मुखं. भिंगातून बघताना रेषा अखंड जाते का आणि मध्येच कोरल्यासारखी किंवा डिंकाने जोडल्यासारखी दिसते का, तेवढं पाहा. पंचमुखी सर्रास मिळतो आणि तो खोटा करण्यात कुणाला फारसा फायदा नाही. महागडा दुर्मीळ मुखी मणी घेणार असाल तर एक्स-रे मागा, आतले कप्पे त्यात मोजता येतात. गोल ‘एकमुखी’ म्हणून कमी पैशांत पुढे केलेला मणी मी तरी घेणार नाही.

चंदनासाठी नाक पुरतं, पण घाईत नाही. वास गाभ्यातल्या तेलाचा असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो नसतो. देवघरातल्या सहाणेवर खोड उगाळताना कसा मंद, दुधाळ, खोल वास येतो तो आठवा. मणी हातात घेताच तीव्र वास अंगावर आला तर बहुधा साध्या लाकडाला अत्तर पाजलेलं आहे. तो काही आठवड्यांत उडतो. रक्तचंदनाला असा वास नसतोच, त्यामुळे ‘सुवासिक रक्तचंदन’ म्हटलं की समजून घ्या.

२. काही वस्तू घेऊच नका

हस्तिदंत, कासवाच्या पाठीचं कडं, हत्तीच्या शेपटीच्या केसाचं कडं, वाघनख. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, मग विकणारा कितीही जुनं असल्याचं सांगो. वडिलोपार्जित असं काही कपाटात निघालं तर ते विकायला किंवा दुरुस्तीला नेण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

रक्तचंदन फक्त पूर्व घाटातलं, मुख्यतः आंध्रातल्या शेषाचलम परिसरातलं, आणि त्याच्या तस्करीने ती जंगलं पोखरली आहेत. साधं चंदनही आंतरराष्ट्रीय यादीत संकटाच्या छायेतलं झाड आहे. ते दुसऱ्या झाडांच्या मुळांतून पोषण घेत वाढतं आणि गाभा भरायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून बिल देणाऱ्या, माल कुठून आला ते सांगणाऱ्या दुकानातूनच घ्या. परदेशातल्या नातेवाइकांसाठी लाकडी मणी नेणार असाल तर आधी नियम बघा, विमानतळावर अडण्याची शक्यता असते.

३. सगळ्यात शेवटी घाला, सगळ्यात आधी काढा

पावडर, क्रीम, अत्तर, केसांचा स्प्रे सगळं आटोपून हात कोरडे झाल्यावर ब्रेसलेट चढवा. घरी आल्यावर चपला काढल्या की पुढचं काम ते काढायचं.

स्वयंपाकघरात मोती आणि पोवळं घालून जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. दोन्ही मूळचे चुन्याच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे. लिंबू पिळताना, चिंच कोळताना, आमसुलं भिजवताना हाताला जे आंबट लागतं ते त्यांचा वरचा थर खातं. एका दिवसात कळत नाही, पण एकदा चकाकी गेली की ती परत येत नाही. भांडी, कपडे, अंघोळ, पोहण्याचा तलाव, व्यायाम, सगळीकडे हाच नियम. रुद्राक्ष अंघोळीला घालणारे पुष्कळ आहेत. नुसत्या पाण्याने त्याचं बिघडत नाही, साबणाने तो कोरडा पडतो आणि दोरा कुजतो.

४. रोज पुसा, पण कोरड्या फडक्याने नाही

धूळ वाटते मऊ, पण तिच्यात वाळूचे कण असतात आणि ते मोत्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या कापडाने घासलं की आपणच ओरखडे काढतो. जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, एकेक मणी बोटांत धरून फिरवत पुसा, मग दुसऱ्या सुक्या तुकड्याने टिपून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. रुद्राक्ष आणि चंदनाला ओलं फडकं नको, मऊ कोरडा ब्रश पुरे.

५. महिन्या-दोन महिन्यांनी नीट स्वच्छता

मोती, पोवळं: मळ दिसला तरच कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचा एक थेंब, त्यात फडकं बुडवून पुसा. आख्खं ब्रेसलेट बुडवू नका, दोरा पाणी पितो आणि आतून सैल होतो. सोनं उजळायचा रिठा, टूथपेस्ट, खायचा सोडा यांपैकी काहीही लावू नका. सराफाकडे पॉलिशला दिलंत तर मोती आहेत हे तोंडाने सांगा, त्यांच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात ते घालायचे नसतात.

रुद्राक्ष: खाचांत घाम आणि पावडर साठते. मऊ ब्रशने ती काढा, सावलीत वाळवा. मग तिळाच्या तेलाचं बोट फिरवा आणि जास्तीचं लगेच टिपा. वर्षातून दोन-तीनदा एवढंच. दुधात भिजवून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. श्रद्धेने करत असाल तर नंतर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर खाचेत राहिलेल्या दुधाला बुरशी धरते. माझ्या काकांच्या मण्यांना पावसाळ्यात असाच आंबूस वास येऊ लागला होता.

चंदन: पाणी नको, तेल नको, बाहेरचं अत्तर तर मुळीच नको. वास कमी झाला म्हणजे फक्त वरचा थर सुकला आहे. अगदी बारीक काचपेपर घेऊन मणी दोन-तीनदाच हलके घासा, आतला वास वर येतो. वर्षातून एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी मणी थोडा झिजतो.

६. दोऱ्याकडे बघा

आपण मणी पारखून घेतो आणि दोरा विसरतो. ब्रेसलेट तुटतं ते दोऱ्यामुळेच, आणि मनगट गळ्यापेक्षा कितीतरी जास्त हलतं. टेबलाची कड, कीबोर्ड, पर्सचा बंद, दिवसभर त्याला ओढ बसते.

मोती नेहमी रेशमाच्या दोऱ्यात, दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून ओवून घ्या. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच निसटतो. आमच्या पेठेतले पटवेकरी काका, म्हणजे दागिने ओवून देणारे, ब्रेसलेट हातात घेतात, दोन्ही टोकं धरून उभं लोंबकळू देतात आणि मोती-गाठीमधली फट बघतात. दोऱ्याचा पांढरा पट्टा दिसला की ‘गाठवायला आलंय’, म्हणजे नव्या दोऱ्यात ओवायला झालंय, असं म्हणतात. रोजच्या वापरातलं वर्षा-दीड वर्षाने गाठवून घ्यावं. गाठवायला देताना मणी मोजून, जमल्यास फोटो काढून द्या.

रुद्राक्ष आणि लाकडी मणी हल्ली इलॅस्टिकवर मिळतात. चढवायला सोपे, पण तेल आणि घामाने इलॅस्टिक कडक होतं आणि काही न सांगता तुटतं. ते ओढून नका घालू, बोटं जुळवून मनगटावर लोळवत चढवा. माझं मत विचाराल तर ते काढून सुती किंवा रेशमी दोरा घालून घ्यावा.

७. ठेवायचं कसं

मऊ कापडाच्या वेगळ्या पुरचुंडीत, आडवं. टांगून ठेवलं की दोरा ताणतो. सोन्याच्या किंवा हिऱ्याच्या दागिन्यांबरोबर एका डब्यात नको, त्यांच्या कडा मोत्याला ओरबाडतात. मोत्यात मुळातच थोडं पाणी असतं, म्हणून हवाबंद प्लास्टिक, सिलिका जेलच्या पुड्या आणि वर्षानुवर्षांचं लॉकर त्याला सोसत नाही. लॉकरमध्ये ठेवणं भाग असेल तर सुती कापडात ठेवा आणि सणासुदीला काढून दिवसभर अंगावर घाला. चंदन मात्र उलट, ते छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत राहू द्या. रुद्राक्षाला पावसाळ्यात हवा खेळती हवी.

आणि दोरा तुटलाच तर जागेवरून हलू नका. घरातल्यांना थांबवा, केरसुणी लावू नका. उजेड जमिनीलगत आडवा पाडला, म्हणजे मोबाइलचा टॉर्च फरशीवर टेकवून धरला, की मोत्याची सावली लांब पडते आणि तो कपाटाखाली असला तरी दिसतो. सापडलेले मणी ओल्या फडक्याने पुसून, मोजून, एका छोट्या डबीत ठेवा. तुटका दोराही त्याच डबीत असू द्या.