चतुर्थीच्या आधी वायरींचा गुंता सोडवून ठेवायची तयारी

आमच्याकडे वेंगुर्ल्याला चतुर्थी जवळ आली की माळ्यावरून माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, खाली उतरते आणि तिच्याबरोबर वायरींचं ते गाठोडंपण. गेल्या वर्षी आदल्या रात्री घाईत लाइटची माळ ओढली, मधेच तार तुटली आणि अर्धी माळ गेली ती गेलीच, म्हणून यंदा सांगते, हे काम निदान आठ दिवस आधी काढा आणि दिवसाउजेडी करा, वायरीला चीर गेलेली रात्री दिसत नाही.

आधी सगळ्या पिना बोर्डातून काढून घ्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पडवीत जुनी चादर पसरा आणि सगळं तिच्यावर ओता. जमवायचं सामान घरातलंच आहे, आंब्याच्या बॉक्सचा जाड पुठ्ठा, जुन्या सुती साडीच्या वीतभर पट्ट्या, कपड्यांचे प्लॅस्टिकचे चिमटे, फॉइल संपल्यावर उरतो तो पुठ्ठ्याचा नळा, कागदी चिकटपट्टी, बॉलपेन आणि बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. रबरबँड मात्र नको, आपल्या हवेत तो चिकट होऊन वायरीलाच बसतो, नि बारीक तारेने तर अजिबात बांधू नका, वरचं प्लॅस्टिक कापलं जातं. सुंभ हाताशी असतो खरा, पण तो ओल धरतो.

गुंता सोडवताना ओढायचं नाही, पिनेचं टोक धरून एकेक फास सैल करत जायचं, वेळ लागतो पण वायर वाचते. सुटली की कोरड्या फडक्याने पुसा आणि बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा, उंदराने कुरतडलेली जागा डोळ्याच्या आधी बोटाला लागते. तांबं दिसत असेल तर ती वायर बाजूला काढा, चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका प्लीज, घरात पोरं असतात. पिनाही बघा, खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर चढतो, मग पिन नीट टेकत नाही आणि तापते, थर जास्त असेल तर वायरमनकडून थ्री पिन टॉपच बदलून घ्या.

मग गुंडाळणं. लाइटची माळ पुठ्ठ्यावर, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कात्रीने खाचा पाडायच्या म्हणजे माळ घसरत नाही, आणि पिन शेवटी बाहेर ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी न उलगडताच लावून बघता येते. चार्जरच्या वायरी नळ्यात सरकवा, जाड वायरींचे मोठे सैल वेढे घेऊन साडीच्या पट्टीने बांधा, हाताच्या कोपरावर करकचून गुंडाळू नका, आतली तार पिळली जाते. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहा, माटवीची, मखराची, अंगणातली, नाहीतर ऐनवेळी चाकरमानी भावोजी दहा जणांना विचारत फिरणार.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, एक्स्टेंशनवर जास्त लोड असेल तर वायर पूर्ण उलगडूनच वापरा, वेढ्यात उष्णता कोंडते आणि वायर वितळू शकते. साधा ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट झेपवतो, म्हणजे २००० वॉटची इंडक्शन शेगडी त्यावर नाहीच, तिला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. माटवीला कवंडाळाची रानफळं, नारळ, आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या ओल्याच बांधतात, तर वायर त्यात गुंफू नका, बाजूच्या लाकडी पट्टीला चिमट्याने अडकवा, आणि समई-निरांजनापासून लांब.

विसर्जन झालं की लगेच डब्यात कोंबू नका, रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, मग चपलांच्या बॉक्समधल्या सिलिकाच्या दोन पुड्या टाकून डब्याचं झाकण घट्ट लावा. पत्र्याचा डबा याचसाठी, उंदराला तो कुरतडता येत नाही.